कुंडीतल्या झाडाची पाने पिवळी का पडतात: पाण्याच्या आणि खताच्या तक्रारी ओळखण्याची रीत

कुंडीतल्या झाडाचे पान पिवळे पडले की बहुतेक घरांत पहिला हात खताच्या पुडीकडे जातो. पान पिवळे म्हणजे झाड उपाशी, असा आपला सरळ हिशेब असतो. पण गॅलरीतल्या झाडांच्या बाबतीत तो बहुधा चुकतो. मुळे पाण्यात गुदमरली तरी पान पिवळे पडते, माती कडक वाळून मुळांची बारीक टोके करपली तरी पडते, आणि खत जास्त होऊन मातीत क्षार साचले तरीही तेच दिसते. या तिन्ही स्थितींत मातीत अन्नद्रव्ये असतात, परंतु ती उचलायला धड मुळे उरलेली नसतात, त्यामुळे वरून घातलेले खत दुखण्यात भरच घालते. म्हणून येथे दिलेल्या तपासणीच्या क्रमात पाणी आधी येते, मुळे त्यानंतर आणि अन्नद्रव्ये शेवटी. उदाहरणे मोगरा, टोमॅटो, मिरची, लिंबू, जास्वंद अशा मुंबई-पुण्याकडच्या गॅलऱ्यांत सर्रास दिसणाऱ्या झाडांची घेतली आहेत.

आधी ओलावा

पाणी कमी पडले तरी झाड मान टाकते आणि पाणी जास्त झाले तरी मान टाकते. दोन्ही वेळा पानापर्यंत पाणी पोहोचत नाही. पहिल्या वेळी ते मातीतच नसते आणि दुसऱ्या वेळी हवेअभावी मुळे ते ओढू शकत नाहीत. नुसत्या झाडाकडे पाहून हा फरक करता येईल असे समजू नये. तहानलेल्या झाडाची पाने पातळ, कागदासारखी कोरडी आणि कडेला कुरकुरीत लागतात, तर पाण्याने गुदमरलेल्या झाडाची पाने लोंबली तरी हाताला मऊ आणि जड लागतात, हे खरे. पण खात्री मातीच देते.

कुंडीच्या कडेपासून थोडे आत, दुसऱ्या पेरापर्यंत बोट खुपसावे. तेथे माती गार आणि दमट लागली, तर त्या दिवशी पाणी घालण्याचे कारण नाही. मोठ्या कुंडीत बोट पुरत नाही, म्हणून बांबूची लांब काडी तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढून पाहावी; काडीचा कोणता भाग ओला आणि मातीने माखलेला निघतो यावरून कुठल्या खोलीवर किती ओल आहे ते कळते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळलेल्या मिश्रणात ही काडी विशेष उपयोगी पडते, कारण कोकोपीटचा वरचा थर एका दुपारच्या उन्हात तपकिरी आणि भुरभुरीत दिसू लागतो, आत मात्र दोन-तीन दिवसांचे पाणी शिल्लक असते. वरचा रंग पाहून रोज तांब्याभर पाणी घालणे हे कोकोपीटमधील झाडे मरण्याचे एक मोठे कारण आहे.

लहान कुंडी असेल तर ती उचलून पाहण्याइतकी सोपी आणि भरवशाची परीक्षा नाही. भरपूर पाणी घातल्यावर ती किती जड लागते आणि पाण्याला आलेली असताना किती हलकी होते, हे हाताला एकदा कळले की बोटही घालावे लागत नाही. आपल्याला कुंडीत हवा असतो तो वाफसा, म्हणजे मातीत ओल आहे आणि कणांमधून हवाही खेळते आहे अशी अवस्था. शेतकरी वाफसा आल्याशिवाय पेरणी करत नाही. कुंडीतही पुढचे पाणी वाफसा मोडत आल्यावर द्यायचे असते, ठरलेल्या वारी नव्हे.

झाड केव्हा मान टाकते याकडेही लक्ष द्यावे. एप्रिल-मेच्या दुपारी जास्वंद, भोपळा किंवा काकडीचा वेल पाने लोंबवतो आणि संध्याकाळी पुन्हा सावरतो. मातीत ओल असूनही असे होत असेल, तर पानांतून उडणारे पाणी मुळांच्या ओढीपेक्षा जास्त आहे इतकाच त्याचा अर्थ होतो, आणि दुपारपुरती हिरवी जाळी किंवा एखाद्या मोठ्या कुंडीची सावली पुरते. पण सकाळी सहा-सात वाजता, रात्रभराच्या गारव्यानंतरही झाड मलूल दिसत असेल, तर ते खरे दुखणे समजावे. अशा वेळी माती कोरडी असेल तर लगेच पाणी द्यावे, आणि ओली असेल तर पुढच्या भागात सांगितल्याप्रमाणे मुळे तपासावीत.

पाणी देताना ते सावकाश, संपूर्ण पृष्ठभागावर आणि तळाच्या भोकांतून थोडे वाहून जाईपर्यंत द्यावे. रोज थोडेथोडे शिंपडल्याने वरचा थर सतत ओला आणि तळ कायम कोरडा राहतो, मुळे वरच घुटमळतात आणि क्षार धुऊन निघत नाहीत. खालच्या थाळीत जमलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. मिश्रण पूर्ण वाळून कुंडीच्या कडेपासून सुटले असेल, तर वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली जाते आणि आपण भरपूर पाणी दिल्याच्या समजुतीत राहतो. अशी कुंडी बादलीत अर्ध्या उंचीपर्यंत पाणी घेऊन त्यात अर्धा-पाऊण तास ठेवावी आणि वरची माती काळसर ओली दिसू लागली की काढून निथळू द्यावी.

मुळे पाहावीत

कुंडी पालथी करून झाड बाहेर काढायला लोक उगाच घाबरतात. एक तळवा मातीवर, खोड दोन बोटांच्या मध्ये, आणि कुंडीच्या कडेला दोन-चार थापट्या, एवढ्याने बारा इंचांपर्यंतच्या कुंडीतला गोळा अखंड बाहेर येतो. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि घट्ट असतात आणि मातीला पहिल्या पावसानंतरचा वास येतो. सडलेली मुळे तपकिरी-काळी दिसतात, चिमटीत धरून ओढली तर वरची साल सुटून आतला दोरा हातात राहतो, आणि तळाच्या मातीला गटारासारखी घाण येते. असे आढळले तर सडलेला भाग कात्रीने काढावा, उरलेल्या मुळांना बसेल एवढ्याच लहान कुंडीत, निचऱ्याच्या मिश्रणात झाड लावावे आणि नवी पालवी फुटेपर्यंत सावलीत, खताशिवाय ठेवावे. शेंडाही थोडा छाटला तर कमी झालेल्या मुळांवर भार येत नाही.

गोळा बाहेर काढल्यावर आणखी दोन गोष्टी दिसण्याची शक्यता असते. एक म्हणजे मुळांनी कुंडीच्या आकाराचे वेटोळे घातलेले असते आणि माती नावालाच उरलेली असते. असे झाड सकाळी पाणी घातले तरी दुपारी सुकते आणि त्याला मोठी कुंडी हाच इलाज असतो. दुसरी गोष्ट रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांत फार आढळते. तेथील काळ्या पिशवीत बहुधा चिकट लाल माती ठासून भरलेली असते. आपण पिशवी फाडतो आणि तो गोळा तसाच कोकोपीट-गांडूळखताच्या हलक्या मिश्रणात बसवतो. मग पाणी भोवतालच्या मोकळ्या मिश्रणातून वाहून जाते आणि मधला गोळा विटेसारखा कोरडा राहतो, किंवा पावसाळ्यात उलट तो गोळाच चिखल धरून बसतो. वर्षभर जागच्या जागी राहिलेले रोप उपटून पाहावे: मुळे त्या लाल गोळ्याबाहेर बोटभरही आलेली नसतात. लावतानाच गोळ्याच्या कडा आणि तळ काडीने मोकळे केले, फार घट्ट असेल तर पाण्यात भिजवून एक तृतीयांश माती सोडवली, तर हे टळते.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालण्याची पद्धत जुनी असली तरी तिचा निचऱ्याला फायदा होत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. ते खडीच्या वरच्या मातीतच अडून राहते. भांडी घासायचा ओला स्पंज उभा धरला की वरचे पाणी निथळते पण खालचे दोन बोटांचे टोक चिंब राहते, तसाच प्रत्येक कुंडीच्या मातीचा तळचा थर चिंब राहतो, आणि खडी घातली की तो चिंब थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोक बुजू नये म्हणून खापराचा एक तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरे. निचरा सुधारायचा असेल तर जाड वाळू, भाताचा तूस किंवा परलाइट (फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) पूर्ण मिश्रणातच मिसळावे. सोलापूर, मराठवाडा किंवा विदर्भाकडची काळी माती कुंडीत निम्म्याहून जास्त कधीच घेऊ नये, कारण ती ओली असताना फुगून हवा कोंडते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते.

जुनी पाने की नवी पाने

ओलावा ठीक, मुळे ठीक, आणि तरीही पाने बिघडत आहेत, असे असेल तरच अन्नद्रव्यांकडे वळावे. तेथे पहिला प्रश्न पिवळेपणा कुठे सुरू झाला हा. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) आणि मॅग्नेशिअम ही अन्नद्रव्ये झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीकडे नेऊ शकते, त्यामुळे त्यांची टंचाई खालच्या, जुन्या पानांवर आधी उमटते. लोह, कॅल्शिअम आणि बोरॉन एकदा पानात बसले की तेथून हलत नाहीत, म्हणून त्यांची टंचाई शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर दिसते. गंधक आणि जस्तही बऱ्याच अंशी याच दुसऱ्या गटात येतात. एवढी एकच खूण नीट पाहिली तरी निम्मे निदान होते.

नत्राची कमतरता ओळखायला सोपी असते: खालची पाने शिरांसकट, सर्वत्र एकसारखी फिकट होत जातात आणि मग गळतात, झाडाची वाढ खुंटते. पावसाळ्याच्या अखेरीस उघड्या गच्चीवरच्या कुंड्यांत हे हमखास दिसते, कारण तीन महिन्यांच्या पावसाने नत्र धुऊन गेलेले असते. अर्धवट कुजलेले घरगुती कंपोस्ट किंवा लाकडाचा भुसा मातीत मिसळला असेल तरीही हेच होते. ते कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतले नत्र स्वतःसाठी वापरतात. विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले, पाण्यात विरघळणारे खत) एका लिटर पाण्यात १ ते २ ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, किंवा मूठभर चांगले कुजलेले शेणखत एवढ्याने दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो.

मॅग्नेशिअम कमी पडले की जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो; टोमॅटोवर हे ठळक दिसते. पालाश कमी पडले की जुन्या पानांची कड आधी पिवळी आणि मग भाजल्यासारखी तपकिरी होते. मॅग्नेशिअमच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पालाश जास्त झाले की मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम शोषले जाण्यात अडथळा येतो. कोकोपीटमध्ये मुळातच पालाश असते, त्यात राख घातली आणि वर पालाशयुक्त खतही दिले, तर मॅग्नेशिअमची टंचाई आपणच ओढवून घेतो. एप्सम सॉल्ट नावाने मिळणारे मॅग्नेशिअम सल्फेट लिटरला ५ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे. स्फुरदाची टंचाई कुंडीत क्वचितच असते; डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे टोमॅटोच्या रोपांची पाने खालून जांभळट दिसतात ती बहुधा थंडीमुळे, आणि ऊब वाढली की रंग आपोआप जातो.

लोहाचा विषय मात्र सविस्तर पाहिला पाहिजे, कारण मोगरा, लिंबू, जास्वंद, गुलाब आणि कढीपत्ता या आपल्या नेहमीच्या झाडांत सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याभोवती आहेत. मोगऱ्याच्या फांदीचे टोक हातात धरून उजेडाकडे करावे. सर्वांत कोवळी दोन-तीन पानांची जोडी लिंबाच्या सालीइतकी पिवळी, कधीकधी जवळजवळ पांढरट दिसते, आणि तिच्यावर शिरांचे बारीकसे हिरवे जाळे रेखलेले असते. खालची जुनी पाने मात्र गडद हिरवी असतात. हे लोहाच्या टंचाईचे चित्र. मातीत लोह नाही असा याचा अर्थ क्वचितच असतो. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-विम्लतेचे माप) साडेसातच्या वर गेला की तेथले लोह झाडाला न घेता येणाऱ्या रूपात अडकते, आणि कुंडीचा सामू वाढवण्याचे काम चुनखडीची काळी माती, राख, बांधकामातून आलेली सिमेंटमिश्रित वाळू आणि कूपनलिकेचे (बोअरवेलचे) जड, म्हणजे क्षारयुक्त पाणी ही चौकडी करते. वाळलेल्या मातीवर पांढऱ्या व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. फसफस झाली तर त्या मातीत चुना आहे.

अशा मातीत साधे फेरस सल्फेट घातले तर ते थोड्याच दिवसांत तसेच अडकते. त्याची लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात, चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून केलेली फवारणी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा केली तर पाने हिरवी होतात, पण द्रावण ताजेच वापरावे, आणि फरशीवर सांडू देऊ नये, कारण त्याचे तांबूस डाग घासूनही जात नाहीत. मातीतून द्यायचे असेल तर चिलेटेड (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले) लोह घ्यावे, आणि घेताना पुडीवरची अक्षरे वाचावीत. ईडीटीए प्रकारचे लोह स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे असले तरी सामू साडेसहाच्या पुढे गेल्यावर ते टिकत नाही; चुनखडीच्या मातीसाठी ईडीडीएचए प्रकार लागतो, ज्याचे द्रावण गडद लाल होते. यापेक्षाही स्वस्त उपाय म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर अर्धी माती बदलणे आणि पुढे पावसाचे किंवा धरणाचे पाणी वापरणे. ओल्या, गुदमरलेल्या मातीतही मुळांना लोह घेता येत नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमधला मोगऱ्याचा पिवळेपणा अनेकदा पाणी ओसरल्यावर स्वतःहून कमी होतो.

लिंबाच्या नव्या फुटीची पाने आकाराने लहान, अरुंद, उभी आणि शिरांमध्ये पिवळ्या ठिपक्यांची असतील, फांदीच्या टोकाशी ती गुच्छासारखी दाटली असतील, तर जस्त कमी आहे असे समजावे. चिलेटेड झिंक लिटरला अर्धा ग्रॅम फवारले की पुढची फूट सुधारते.

कॅल्शिअमची टंचाई घरोघरी माहीत असते ती टोमॅटोच्या फळामुळे. फळ बोराएवढे झाले की त्याच्या तळाशी, देठाच्या विरुद्ध टोकाला, आधी पाणचट ठिपका येतो. तो पसरत जाऊन काळा, कोरडा आणि खोलगट होतो. हा रोग नाही आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शिअमही कमी नसते. कॅल्शिअम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच झाडात वर चढते आणि त्यातला मोठा वाटा भरपूर पाणी उडवणारी पाने ओढून घेतात. दोन दिवस कुंडी सुकली आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी मिळाले, असे झाले की फळाच्या टोकापर्यंत कॅल्शिअमचा पुरवठा तुटतो, आणि त्या दोन दिवसांत तयार झालेल्या पेशी मोडतात. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्या कुटुंबांच्या गॅलरीत मार्च महिन्यात हे हमखास पाहायला मिळते. डाग पडलेली फळे खुडून टाकावीत, एका झाडाला निदान १५ ते २० लिटरची कुंडी द्यावी, मातीवर पालापाचोळ्याचे दोन इंची आच्छादन घालावे आणि पाण्याची वेळ सांभाळावी. पुढचा घड बहुधा स्वच्छ येतो. अंड्याची टरफले चुरून घातल्याने यात काही साधत नाही. ती विरघळायला आम्लधर्मी माती आणि पुष्कळ काळ लागतो.

पाणी कोणते आणि क्षार किती

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या तलावांचे आणि पुण्याला खडकवासल्याचे पाणी मिळते. ते धरणाचे असल्यामुळे बरेच मऊ असते आणि झाडांना त्रास देत नाही. तीच सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर किंवा कूपनलिकेवर आली की सहा-आठ आठवड्यांत कुंड्यांच्या कडेला पांढरी बुरशीसारखी पण हाताला खरखरीत लागणारी साय दिसू लागते. तो क्षार. पानांची टोके आणि कडा नेमक्या रेषेत तपकिरी होणे, पान मात्र आत हिरवे राहणे, ही त्याची पानावरची खूण. जास्त खत झाल्यावरही हेच दिसते.

घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची सवय चांगल्या हेतूची आहे, पण ती घरागणिक तपासून घ्यावी लागते. यंत्र गाळलेल्या पाण्यातले बहुतेक क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात लोटते. आत गेलेल्या पाण्यापैकी निम्मे बाहेर टाकले जात असेल, तर त्यातले क्षार मूळ पाण्याच्या जवळजवळ दुप्पट होतात. मूळ पाणी तलावाचे, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप) १०० च्या आसपास असेल, तर दुपटीनेही काही बिघडत नाही. पण कूपनलिकेचे ८०० टीडीएसचे पाणी असेल, तर उरलेले पाणी लादी पुसायला वापरावे. टीडीएस मोजण्याचे पेनाएवढे यंत्र स्वस्तात मिळते आणि बागेसाठी घेण्यासारखी ती पहिली वस्तू आहे असे माझे मत आहे.

क्षार साचल्याची शंका आली तर खत ताबडतोब थांबवावे आणि कुंडी धुऊन काढावी: कुंडीच्या मापाच्या दुप्पट मऊ पाणी, म्हणजे १० लिटरच्या कुंडीला २० लिटर, थांबत थांबत वरून सोडून तळातून पूर्ण वाहून जाऊ द्यावे. पावसाळ्यातली एक जोरदार सर हे काम फुकट करून देते. नत्र जास्त झाल्याची लक्षणे थोडी वेगळी असतात; तेव्हा टोमॅटो किंवा मिरची माजते, पाने गडद हिरवी आणि मोठी होतात, टोके खाली वळतात, मावा जमतो आणि फूल मात्र येत नाही किंवा आले तरी गळते. तेथे केवळ खत बंद ठेवून वाट पाहावी.

जे अन्नद्रव्याचे वाटते पण नसते

भिंगाशिवाय ओळखू नयेत अशा तक्रारीही असतात. मिरचीची पाने होडीसारखी वर वळली तर फुलकिडे, आणि खाली वळून लांबट, कडक झाली तर कोळी (माइट, डोळ्यांना जेमतेम दिसणारी रस शोषणारी कीड), असा ढोबळ नियम आहे. या चुरडा-मुरड्याला कोणतेही खत लागू पडत नाही. पानावर सुईने टोचल्यासारखे असंख्य फिके ठिपके आणि पाठीमागे बारीक जाळी दिसली तर तोही कोळीच. एप्रिलच्या कोरड्या उष्म्यात तो फोफावतो. पान उलटून पाहण्याची सवय ठेवली की पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि कोळी लवकर सापडतात, आणि पिवळ्या पानासाठी खत घालण्याचे अनेक प्रसंग टळतात.

उजेडाचा विचार तर सहसा कोणी करतच नाही. खिडकीच्या जाळीत, समोर दुसरी इमारत असलेल्या घरात तुळस लांबुडकी, फिकट आणि कमी पानांची होते, आणि ती पाणीही थोडेच पिते. त्यामुळे उन्हातल्या कुंडीइतके पाणी तिला दिले की मुळे सडतात. दिवाणखान्यातल्या मनीप्लांटचेही हेच. उजेड कमी तर पाणी आणि खतही कमी, हा हिशेब ठेवावा. दर महिन्याला खालचे एखाददुसरे पान पिवळे होऊन गळणे हे तर त्या पानाचे वय झाल्याचे लक्षण आहे, त्यावर उपचार शोधू नये.

घरगुती उपायांबद्दल थोडे. केळीच्या सालीचे पाणी, चहाचा चोथा, तांदळाचे धुवण यांनी झाडाचे सहसा वाईट होत नाही, पण दिसत असलेली टंचाई भरून काढण्याइतका जोरही त्यांच्यात नसतो. साखर घातलेला चोथा मुंग्यांना बोलावतो, तो धुऊन वाळवून मगच घालावा. कढीपत्त्याला आंबट ताक पाणी घालून देण्याची रीत चालू ठेवायला हरकत नाही, फक्त पाने आधीच पिवळी असतील तर लोह देऊन मग ताकाचे प्रयोग करावेत. चुलीची राख कोकणातल्या आम्लधर्मी लाल मातीत चिमूट-चिमूट चालते. देशावरच्या चुनखडीच्या मातीत ती लोहाची टंचाई आणखी वाढवते.

उपचार करताना एका वेळी एकच बदल करावा आणि दहा ते चौदा दिवस थांबावे. पाणी, खत, जागा आणि माती एकाच रविवारी बदलल्यावर झाड सुधारले किंवा बिघडले, तर कशामुळे ते कळत नाही. सुधारणा जुन्या पानांत शोधू नये. करपलेली कड पुन्हा हिरवी होत नाही आणि नत्रासाठी पिवळे पडलेले पान बहुतेक वेळा गळतेच. पुढे उलगडणारी दोन-तीन पाने आकाराने मोठी आणि रंगाने एकसारखी येत असतील तर उपाय लागू पडला. विद्राव्य खत नेहमी ओल्या मातीत द्यावे, कोरड्यात नाही, आणि कॅल्शिअम नायट्रेट इतर सल्फेट किंवा स्फुरदयुक्त खतांबरोबर एकाच पाण्यात मिसळू नये, कारण ती एकमेकांशी बांधली जाऊन तळाशी गाळ बसतो. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या गच्चीवर खताची मात्रा निम्मी करून ती दोन हप्त्यांत विभागावी, आणि सलग पावसाचे दिवस आले तर कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, म्हणजे तळाची भोके ओल्या फरशीला चिकटून बंद होत नाहीत.